प्रस्तावना : भाकिताचा हिशोब

१९८३ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात, नांदेड नावाच्या लहानशा गावी, दादाजी खोब्रागडे यांना आपल्या धानाच्या बांधीत काही परक्या लोंब्या दिसल्या. लावला होता पटेल-३. या लोंब्यांचा दाणा मात्र बारीक आणि रंग पिवळसर. दादाजींनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या वर्षी निराळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या आणि हंगामामागून हंगाम हेच करत राहिले. नव्वदच्या सुमारास हे वाण शेजारच्या शेतांत गेले, तळोधीच्या बाजारात आले, आणि तिथल्या व्यापाऱ्याने त्या काळी ज्याच्या त्याच्या मनगटावर दिसणाऱ्या घड्याळाचे नाव त्याला देऊन टाकले : एचएमटी. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने १९९४ मध्ये बियाणे नेले आणि १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी या नावाने वाण प्रसारित केले. तोवर त्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी आपला निकाल केव्हाच दिला होता.

या वाणाचे श्रेय दादाजींचे की विद्यापीठाचे, हा वाद महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०१८ च्या जूनमध्ये दादाजी गेले तेव्हा त्यावर बरेच लिहिलेही गेले. इथे मात्र मला त्या शेतकऱ्यांबद्दल बोलायचे आहे, ज्यांची नावे कुठेच आली नाहीत. दादाजींकडून किंवा कुणाच्या तरी कोठीतून मूठ-पायली बियाणे मागून नेणारा प्रत्येक जण एक भाकीत करत होता. हा धान आपल्या बांधीत पिकेल, गिरणीवर फुटणार नाही, बाजारात चार पैसे जास्त देईल. या भाकितावर तो आपल्या जमिनीचा एक तुकडा आणि एक पावसाळा लावत होता. एकेकट्याचा अंदाज चुकलाही असेल. पण या सगळ्या अंदाजांची बेरीज १९९२-९३ मध्ये कुणी करून पाहिली असती, तर पूर्व विदर्भाच्या धानाचे पुढचे दशक कसे असेल हे बऱ्याच आधी कळले असते. तशी बेरीज करण्याची रीत आपल्याकडे नव्हती, आजही नाही. विज्ञान-तंत्रज्ञानात पुढे काय होणार, याविषयी पुष्कळ माणसांचे अंदाज आधी गोळा करायचे, आकड्यात मांडायचे आणि मुदत संपल्यावर तपासायचे, ही रीत जगात गेल्या सत्तर वर्षांत हळूहळू घडत गेली. तिची ओळख चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांना त्यांच्याच मुलखातली उदाहरणे घेऊन करून देणे, एवढा या पुस्तकाचा हेतू आहे.

या शास्त्राच्या जन्माची म्हणून सांगितली जाणारी गोष्ट बैलाची आहे. १९०६ मध्ये इंग्लंडात प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका धष्टपुष्ट बैलाचे, कापून साफ केल्यावरचे वजन ओळखण्याची स्पर्धा होती. सहा पेन्सांचे तिकीट, त्यावर आपला आकडा लिहायचा. फ्रान्सिस गाल्टन यांनी नंतर ती तिकिटे मागून घेतली. वाचता येण्याजोगी ७८७ निघाली. सगळे आकडे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधला आकडा आला १,२०७ पौंड. खरे वजन भरले १,१९८. गाल्टन काही लोकशाहीचे भक्त नव्हते. सामान्यांच्या बुद्धीविषयी त्यांचे मत फारसे चांगले नव्हते, आणि म्हणूनच १९०७ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी हा निष्कर्ष प्रामाणिकपणे छापला याचे कौतुक वाटते.

पण बैल समोर उभा होता. वीस वर्षांनी येणारे यंत्र समोर उभे नसते. त्यासाठी १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या रँड संस्थेत ओलाफ हेल्मर, नॉर्मन डाल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेल्फी पद्धत काढली. तज्ज्ञांना एका खोलीत बसवायचे नाही. प्रत्येकाला प्रश्न लेखी पाठवायचा, उत्तरे नावे काढून सर्वांना दाखवायची, आणि मत बदलायचे असेल तर बदलू द्यायचे. असे दोन-तीन फेरे. मोठ्या नावाचा माणूस बोलला की बाकीचे माना डोलावतात, ही खोड मोडण्याचा तो उपाय होता. आपल्याकडे ए. पी. जे. अब्दुल कलाम अध्यक्ष असताना ‘टायफॅक’ या केंद्रीय संस्थेने शेकडो तज्ज्ञांना सोबत घेऊन ‘टेक्नॉलॉजी व्हिजन २०२०’ हे दस्तऐवज तयार केले, १९९६ मध्ये. काम प्रचंड होते. तरी माझ्या मते ते भाकीत नव्हते, तो संकल्प होता. भारताने काय करावे हे त्यात होते. ते घडण्याची शक्यता शंभरात किती, हे नव्हते. त्यामुळे २०२० उजाडल्यावर जो तो आपल्या मनाजोगा हिशोब मांडत बसला.

शंभरात किती, हा प्रश्न विचारायला लावला तो हवामानवाल्यांनी. ‘उद्या पाऊस येण्याची शक्यता सत्तर टक्के’ असे सांगणारा बरोबर होता की चूक, हे एका दिवसावरून ठरत नाही. ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये त्यासाठी एक साधी मोजणी सुचवली. समजा, प्रश्न असा आहे : भामरागड तालुक्यातल्या अमुक गावात येत्या ३१ मार्चपूर्वी मोबाइलचा टॉवर चालू होईल का? तुम्ही ८० टक्के म्हणालात. टॉवर झाला, तर तुमची चूक ०.२, तिचा वर्ग ०.०४. नाही झाला, तर चूक ०.८, वर्ग ०.६४. आकडा जितका लहान तितके बरे. ‘आपल्याला बुवा माहीत नाही’ म्हणून ५० टक्के लिहिणाऱ्याच्या नावावर दर वेळी ०.२५ पडतात. छातीठोकपणे ‘शंभर टक्के’ म्हणून चुकणाऱ्याच्या नावावर पूर्ण १. वर्षभर असे प्रश्न सोडवले की कोण जाणता आणि कोण नुसता बोलघेवडा, हे वहीत उतरते. गावच्या चावडीवर हे सगळ्यांना ठाऊक असतेच म्हणा, पण तिथे बोलघेवड्याचा आवाज मोठा असतो आणि वही कुणी ठेवत नाही.

वही ठेवल्याने काय होते, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. २००२ मध्ये भारतीय हवामान विभागाने मोसमी पाऊस सरासरीच्या १०१ टक्के होईल असे सांगितले. पडला ८१ टक्के. टीकेची झोड उठली, आणि विभागाने सोळा घटकांवर बेतलेली जुनी गणिती पद्धत बाजूला ठेवून २००३ पासून नवी आणली. आकडा दिला होता म्हणून तो चुकला हे दिसले आणि दिसले म्हणून पद्धत बदलली. याच्या शेजारी बुलढाणा जिल्ह्यातली भेंडवळची घटमांडणी ठेवून पाहावी. अक्षय तृतीयेला घटाभोवती धान्ये मांडतात, दुसऱ्या दिवशी पहाटे ती पाहून पाऊस, पीक आणि राजकारण यांचे होरे सांगतात. साडेतीनशे वर्षांची मानलेली ही परंपरा दर वर्षी बातमीत असते. ‘जूनमध्ये कमी-जास्त, जुलैमध्ये सर्वसाधारण’ असे होरे कोणत्याही पावसाळ्याला लागू पडतात. ते चुकत नाहीत याचे कारण तेच आहे. मला तिथे जमणाऱ्या शेतकऱ्यांची थट्टा करायची नाही. बियाण्याचा पैसा घालण्याआधी काहीतरी ऐकावे असे वाटणे शहाणपणाचेच. पण जे ऐकले ते दिवाळीत ताडून पाहण्याची सवय नसेल, तर साडेतीनशे वर्षांतही त्यातून शिकायला काही मिळत नाही.

तज्ज्ञांची वही ठेवली फिलिप टेटलॉक यांनी. वीस वर्षे २८४ राजकीय-आर्थिक तज्ज्ञांची भाकिते नोंदवून २००५ मध्ये त्यांनी दाखवले की सरासरी तज्ज्ञ साध्या ठोकताळ्याच्या फार पुढे जात नाही, आणि वर्तमानपत्रांत ज्यांची नावे जास्त येतात त्यांची कामगिरी उलट खालावलेली असते. मग २०११ पासून चार वर्षे अमेरिकी गुप्तचर खात्याच्या संशोधन शाखेने भाकितांची स्पर्धाच लावली. टेटलॉक आणि बार्बरा मेलर्स यांच्या चमूत हजारो हौशी माणसे होती. त्यांतले वरचे दोन टक्के लोक वर्षानुवर्षे चांगले ठरत राहिले. तासाभराच्या प्रशिक्षणाने इतरांचाही अंदाज सुमारे दहा टक्क्यांनी सुधारला. त्याच पैशातून जॉर्ज मेसन विद्यापीठाने ‘सायकास्ट’ हा खास विज्ञान-तंत्रज्ञानाच्या भाकितांचा उपक्रम २०१५ पर्यंत चालवला. त्यात एकमेकांवर अवलंबून असणारे प्रश्न जोडलेले होते. बॅटरी स्वस्त होईल का, याचे उत्तर हलले की विजेवरच्या गाड्यांचे उत्तरही आपोआप हले. आणखी एक प्रयोग मला फार आवडतो. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले प्रसिद्ध झालेले ४१ निष्कर्ष पुन्हा प्रयोग करून पाहिल्यास टिकतील की नाही, यावर शास्त्रज्ञांनाच आधी लहानशी बोली लावायला सांगितली. ७१ टक्के वेळा ही बोली बरोबर निघाली. म्हणजे कोणते निष्कर्ष कच्चे आहेत हे त्या क्षेत्रातल्या माणसांना आतून माहीत होते. तोवर त्यांना ते कुणी विचारले नव्हते.

इथवर वाचून कुणाला वाटेल, पुष्कळ माणसे जमवली की काम झाले. ताडोबाची गोष्ट ऐकावी. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याशेजारच्या मचाणांवर बसून दिसतील ते प्राणी मोजायचे, ही प्राणिगणना चंद्रपूरकरांच्या ओळखीची आहे. शंभर मचाणांवर शंभर जोड्या डोळ्यांच्या. पण तहानलेली एकच वाघीण एका रात्रीत दोन पाणवठ्यांवर गेली, तर ती दोनदा मोजली जाते, आणि जी त्या रात्री फिरकलीच नाही ती एकदाही नाही. ही चूक सगळ्या मचाणांवर सारखीच असते. म्हणून माणसे वाढवून ती जात नाही. गाल्टनच्या बैलाच्या बाबतीत कुणी जास्त सांगितले, कुणी कमी, आणि चुका एकमेकींना खाऊन गेल्या. एकाच दिशेच्या चुका एकमेकींना खात नाहीत, त्या साठत जातात. वाघांचे आकडे सुधारले ते अंगावरच्या पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखणाऱ्या कॅमेरा ट्रॅपमुळे. मचाणावरची रात्र आता निसर्गानुभव म्हणून उरली आहे, आणि तशी ती उत्तम आहे.

दुसरी अट याहून नाजूक. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने सामूहिक निर्णयाचा जो वस्तुपाठ घालून दिला, तो देशभर सांगितला जातो. ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाही. एकाचाही आक्षेप असला तर विषय थांबतो, पुन्हा बोलणे होते. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक गावाने याच बळावर मिळवले. सर्वसहमतीने निर्णय घ्यावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सर्वसहमतीने भाकीत करू नये! निर्णयाला एक मत लागते. भाकिताला अनेक निरनिराळी मते लागतात, तीही एकमेकांच्या कानावर जाण्याआधी. मेंढ्याच्या रीतीतच याची सोय आहे, असे मला वाटते, आणि बाहेरून येणारे तिच्याकडे फारसे पाहत नाहीत. कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि गावचेच नेते देवाजी तोफा यांच्यासोबत मेंढ्याने अभ्यास गटाची जी परंपरा उभी केली, तिच्यात अभ्यास गट निर्णय घेत नाही. तिथे प्रश्न उलगडायचा, माहिती जमवायची, वेगळे बोलणाऱ्याला बोलू द्यायचे. ठरवायचे ते ग्रामसभेत. भाकिताची वही ठेवायची असेल, तर तिची जागा अभ्यास गटात आहे.

विचारायचे कुणाला, हाही प्रश्न आहेच. १९८९ मध्ये राणी बंग आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली होती. दर शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. जगभरचे आरोग्यतज्ज्ञ तेव्हा ग्रामीण स्त्रीकडे कुटुंबनियोजनाच्या नजरेने पाहत होते. बायकांना स्वतःचे दुखणे माहीत होते; त्यांना मोजणीत धरलेच नव्हते. उद्या जंगलपट्ट्यात तंत्रज्ञानाविषयीचे अंदाज मागवले आणि उत्तरे फक्त मोबाइल बाळगणाऱ्या पुरुषांची आली, तर हीच आंधळी जागा पुन्हा तयार होईल. मोहफूल वेचणारी, तेंदूपत्त्याचे सत्तर पानांचे पुडे बांधणारी बाई जंगलाच्या कोणत्या भागात वाघाचा वावर वाढला आहे हे वनरक्षकाच्या आधी सांगू शकते. ताडोबाच्या कडेच्या सीतारामपेठेत वाघ गावाकडे सरकला की इशारा देणारे, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे बसवले गेले. असे कॅमेरे आणखी दहा गावांत बसले तर तीन वर्षांनी चालू राहतील की मोडून पडतील, याचे अंदाज कंपनीपेक्षा तिच्याकडून घ्यावेत.

तरी लोकांच्या अंदाजांवर किती भार टाकायचा, याची मर्यादाही गडचिरोलीनेच दाखवली आहे. नवजात बाळ गंभीर आजारी झाले तर दवाखान्याशिवाय उपाय नाही, ही १९९० च्या दशकातली सर्वमान्य समजूत. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घ्यायला लावली. दर हजारी नवजात मृत्यू ६२ वरून २५ च्या आसपास आले, १९९९ मध्ये निष्कर्ष छापून आले, आणि पुढे २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात ही पद्धत घेतली गेली. १९९५ मध्ये हे होईल का असे विचारले असते, तर मला वाटते डॉक्टरांनीही नाही म्हटले असते आणि गावानेही. जे अजून कुणी करून पाहिलेले नाही, त्याबद्दल सगळ्यांचे अज्ञान एकत्र केल्याने ज्ञान होत नाही. तिथे प्रयोगच करावा लागतो.

याच्या उलट, जिथे काम डोळ्यांसमोर वर्षानुवर्षे चाललेले असते, तिथे लोकांना न विचारणे हा निव्वळ करंटेपणा. गोसीखुर्द धरणाला १९८३ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा खर्चाचा आकडा ३७२ कोटींचा होता. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा आला. खर्च अठरा हजार कोटींच्या वर गेला. दरम्यान पूर्णत्वाच्या किती तारखा आल्या आणि सरकल्या! ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावलीच्या शेतकऱ्याला दर उन्हाळ्यात कालव्याचे अस्तरीकरण कुठवर आले, वितरिका कुठे तुटकी आहे, कोणाचा मोबदला अडला आहे, हे दिसत होते. प्रत्येक नव्या तारखेच्या वेळी आसोलामेंढा तलावाखालच्या दोनशे शेतकऱ्यांकडून ‘ही तारीख पाळली जाण्याची शक्यता शंभरात किती’ एवढे चिठ्ठीवर लिहून घेतले असते, तर त्यांचे आकडे सरकारी आकड्यांहून खरे ठरले असते यावर मी पैज लावायला तयार आहे.

पैज म्हटल्यावर आठवण करून द्यायला हवी : महाराष्ट्रात १८८७ च्या कायद्याने जुगाराला बंदी आहे, आणि मटक्याने किती घरे बुडवली हे चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात वेगळे सांगायला नको. म्हणून या पुस्तकातल्या साऱ्या पद्धती गुणांवर चालतात. पैशाचा संबंध नाही. त्याहून खरी भीती निराळीच आहे. ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव करते; लिलावाआधी सभासदांनी आपापसात काढलेला भावाचा अंदाज ठेकेदाराच्या हाती गेला, तर तो त्याच्या वर एक रुपया चढणार नाही. सुरजागडच्या लोहखाणीविषयीचे प्रश्न एटापल्लीत उघडपणे विचारले, तर उत्तर देणाऱ्याला खाणीच्या बाजूच्यांचा आणि विरोधकांचा, असा दोन्हीकडून धाक असतो. अंदाज कुणाचा, तो कोण पाहणार, नाव लिहायचे की नाही, हे आधी गावाने ठरवावे. प्रश्न त्यानंतर.

प्रश्न लिहिणे हे या साऱ्यात सर्वांत चिवट काम, आणि पुस्तकातली सर्वांत लांब दोन प्रकरणे त्यालाच दिली आहेत. ‘वडसा-गडचिरोली रेल्वे लवकर होईल का?’ हा प्रश्न कुचकामी आहे. सुमारे ५२ किलोमीटरच्या या मार्गावर इंजिनाची चाचणी झाली तर ती रेल्वे झाली का? मालगाडी धावली तर? म्हणून असे लिहावे : तिकीट काढून बसलेल्या प्रवाशांची पहिली नियमित गाडी अमुक तारखेच्या मध्यरात्रीपूर्वी गडचिरोली स्थानकातून सुटेल का, आणि पुरावा म्हणून रेल्वेचे छापील वेळापत्रक धरले जाईल. मुदत उलटली की उत्तर ‘नाही’ असे नोंदवून प्रश्न बंद करावा. सरकारने नवी तारीख दिली तर नवा प्रश्न काढावा, जुन्याचे गुण बदलू नयेत. उत्तर देणाऱ्याने आकड्याशेजारी कारणाची एक ओळ लिहावी. ती मोठी असण्याची गरज नाही. ‘पुलाजवळचे ठेकेदाराचे ट्रक दोन महिन्यांपासून दिसले नाहीत’ एवढीही चालेल.